एका शब्दाची सुनावणी

रमझानला आठ दिवस उरले होते. दरवर्षी या सुमारास समितीच्या कार्यालयात फायलींचे ढीग लागायचे, कारण ईदच्या माफीची यादी त्याआधी तयार व्हावी लागे. कैद्याच्या उरलेल्या शिक्षेत सूट द्यावी का, याची शिफारस ही समिती करायची. निर्णय तीन सदस्यांचा, पण त्यांच्यापर्यंत फाइल पोचायची ती सुहाच्या टेबलावरून. सुहा तिथली मुख्य अधिकारी, पन्नाशीची बहारीनी बाई. एक कागद कमी असेल तर सख्ख्या भावाची फाइलसुद्धा परत पाठवील, अशी तिची ख्याती होती.

विशाखा रेगे त्या कार्यालयात दुभाषी म्हणून यायची. मूळची पुण्याची. नवरा सुयोग सीफमधल्या एका बँकेत. लग्नानंतर इथे आल्यावर घरी बसून जीव विटला म्हणून ती अरबी शिकायला गेली आणि शिकता शिकता त्यातच रमली. आता अकरा वर्षं झाली, तिच्याकडे सरकारमान्य दुभाषाचा शिक्का होता, क्रमांक एक्केचाळीस. राहायला सनाबिसला, कार्यालयापासून गाडीनं पाच मिनिटांवर.

"उम्म आर्या, ये," सुहा म्हणाली. मुलीच्या नावानं आईला हाक मारायची ही इथली रीत विशाखाला आता आपलीच वाटायची. "हा तुझ्या मुलखातला माणूस आहे. पाचपैकी चार कागद तयार आहेत. तुरुंगाचा वर्तणुकीचा दाखला उत्तम आहे. मयताच्या बायकोचं संमतीपत्रही आलंय. फक्त पश्चात्तापाचं निवेदन राहिलंय. मजकूर तयार आहे, त्याला वाचून दाखव आणि सही घे. दहा मिनिटांचं काम."

फायलीवर अरबीत नाव होतं ‘कायलास बराब’. अरबीत ‘प’ नाही, त्यामुळे परबांचे बराब होतात हे विशाखाला ठाऊक होतं. खोलीत जाण्याआधी तिनं फाइल चाळली. कैलास परब, वय चौतीस, गाव कुडाळजवळ, पिकअपचा ड्रायव्हर. चौदा महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी पहाटे अस्करच्या रस्त्यावर त्याच्या गाडीखाली एक सायकलवाला सापडला. नावेद, परभणीचा, जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये फिटर. निष्काळजीपणासाठी एक वर्ष, आणि जखमीला टाकून पळून गेल्याबद्दल आणखी दोन.

संमतीपत्र मराठीत होतं. नावेदची बायको शरीफुन्निसा हिनं वहीच्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलेलं. "माझ्या नवऱ्याच्या मरणाची मी त्याला माफी देते. ते अल्लाच्या हातात होतं. पण माझ्या माणसाला रस्त्यात तडफडत टाकून तो पळून गेला, त्याचं मला काही म्हणायचं नाही. ते त्याचं त्यानं बघावं."

हे पत्र दोनदा वाचून विशाखा आत गेली.

कैलास टेबलापलीकडे बसला होता. बारीक अंगाचा, केस कापलेले. दाराशी शिपाई उभा. समोरची बाई मराठी बोलते म्हटल्यावर त्याचा चेहराच बदलला. "बाईनू, चवदा महिन्यांत मराठी माणूस पयलोच बगतंय," तो म्हणाला.

विशाखानं निवेदन वाचायला घेतलं. अपघाताबद्दल मला खेद आहे, इथवर तो मान हलवत होता. "जखमी माणसाला मदत न करता मी घटनास्थळावरून पळून गेलो, याचा मला मनापासून पश्चात्ताप होतो," हे वाक्य आलं आणि त्यानं हात वर केला.

"ह्येच्यार मी सही करूचंय नाय."

"का?"

"मी पळान गेलंय नाय. म्हंजे... पळालंय. पण पळान गेलंय नाय."

विशाखाला काही कळेना. तिनं कागद बाजूला ठेवला. "नीट सांगा. काय झालं त्या दिवशी?"

मग त्यानं सांगितलं. त्या पहाटे धुळीचं वादळ होतं, दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. सायकल एकदम समोर आली. त्यानं ब्रेक मारला, गाडी माणसाला उडवून खांबावर आदळली. फोनचा चुरा झाला. तो उतरून धावला तेव्हा माणूस शुद्धीवर होता. कैलासच्या तोंडून ‘आवशीक खाव’ अशी शिवी गेली, स्वतःच्याच नशिबाला दिलेली. ती ऐकून त्या माणसानं डोळे उघडले आणि विचारलं, "मराठी का भाऊ तुम्ही? मी परभणीचा."

"तेच्या डोक्याखाली माझो शर्ट घातलंय," कैलास म्हणाला. "तो पाणी मागी होतो. गाडयेत पाणी नाय. रस्त्यार कुत्रा सुद्धा नाय, शुक्रवार ना. तेका सांगलंय, हय रव, मी माणसां घेवन येतंय. आणि पळालंय. मैलभर पळालंय. एका यार्डाचो वॉचमन गावलो, तेना फोन केल्यान, पाणी दिल्यान. ता घेवन परत येय होतंय, वाटेत पोलिसांनी धरल्यानी."

"मग हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"सांगलंय तर! माझा हिंदी ह्या असला. फोनवर एक बाई दिली होती त्यांनी, हिंदीवाली. तिका सांगलंय, मैं भागा, साब को बोलो मैं भागा, पानी के वास्ते भागा. तिना काय तरी अरबीत सांगल्यान. साहेबान लिवन घेतल्यान. खलास."

विशाखानं फाइल पुन्हा उघडली. पोलिसांच्या जबाबाचं पान काढलं. शुक्रवार, पहाटे पाच चाळीस, दुभाषी फोनवरून. जबाबात अरबी शब्द होता ‘हरब’, म्हणजे पळ काढला. धावत गेला असं म्हणायचं असतं तर ‘रकद’ आलं असतं. हिंदीतल्या ‘भागा’च्या पोटात हे दोन्ही अर्थ मावतात, अरबीत त्यांची घरं वेगळी. पानाच्या तळाशी दुसऱ्या दिवशी मारलेला दुभाषाचा शिक्का होता.

क्रमांक एक्केचाळीस.

तिला कानात कुणीतरी शिट्टी वाजवल्यासारखं झालं. तो शुक्रवार तिला आठवत होता, अगदी पुसटसा. उशाशी फोन वाजला, तिनं पांघरुणातूनच उचलला. लाइन खरखरत होती. पलीकडे कुणी ड्रायव्हर रडत होता, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. चार मिनिटांत संपलं. शनिवारी तिनं जाऊन शिक्का मारला आणि तिथूनच भाजी आणायला गेली. त्या माणसाला मराठी येतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं.

"बाईनू, काय झाला?" कैलासनं विचारलं.

"काही नाही. मी परत येते," ती म्हणाली आणि सही न घेताच बाहेर पडली.

संध्याकाळी तिनं सुयोगला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. माणूस वाईट नव्हता, पण सरळ हिशेबी वाटेनं जाणारा होता.

"म्हणजे त्यानं सही केली तर तो ईदला सुटतो?"

"बहुतेक."

"आणि तू हे बोललीस तर?"

"चौकशी होईल. फाइल मागे पडेल. माझा परवानाही जाऊ शकतो."

"मग त्यात त्याचं तरी काय भलं आहे, विशाखा? त्याला समजाव. एक ओळ आहे, करून टाक म्हणावं सही. तो घरी जाईल, तुझंही निभावेल."

त्याचं म्हणणं चूक आहे असं तिला म्हणता येईना. हेच तिला जास्त टोचत होतं. रात्रभर ती त्या ओळीच्या बाजूनं स्वतःशी भांडत राहिली. पण वहीच्या कागदावरची ती अक्षरं काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. ते त्याचं त्यानं बघावं, असं त्या बाईनं लिहिलं होतं. आणि त्यानं बघण्यासारखं त्यात काही नव्हतंच. बघायचं होतं ते विशाखानं.

दुसऱ्या दिवशी ती सुहासमोर बसली आणि काहीही न लपवता बोलली. सुहानं सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा लावून तिनं अटकेचं पान काढलं आणि बोट ठेवत ओळ न् ओळ वाचली.

"हे बघ," ती म्हणाली. "अंगात शर्ट नाही. हातात पाण्याची भरलेली बाटली. आणि धावत होता उत्तरेकडे. अपघात कुठे झाला? उत्तरेकडेच. हे इथे लिहिलेलं आहे, उम्म आर्या. सगळ्यांनी वाचलं असेल, मीसुद्धा वाचलं. पण वर ‘पळ काढला’ असं असल्यावर खाली बाटली कोण बघतो?"

"मी त्या वॉचमनला शोधायला जाऊ का? अस्करला जाऊन—"

"तू कुठेही जायचं नाहीस," सुहा कडक आवाजात म्हणाली. "तू गेलीस तर त्याची साक्षही गेली आणि तुझा शब्दही. आमचे समाजसेवा अधिकारी जातील, रीतसर पत्र घेऊन. तू एवढंच करायचं, काय झालं ते लिहून द्यायचं. सहीनिशी, शिक्क्यानिशी. आजपासून या फायलीला हात लावायचा नाही. दुसरा दुभाषी घेऊ." मग तिचा आवाज जरा खाली आला. "पण त्याआधी त्याला सांग. हे ऐकायचा पहिला हक्क त्याचा. सही करून ईदला घरी जायचं की थांबायचं, ते त्यालाच ठरवू दे. आणि हेही सांग, थांबून फायदा होईलच असं मी म्हणत नाही."

मंगळवारी कैलासला पुन्हा आणलं. विशाखानं सगळं एका दमात सांगितलं. फोनवरची बाई मीच होते, हे सांगताना तिनं त्याच्याकडे बघितलं, कारण न बघता सांगणं तिला नीचपणाचं वाटलं.

तो कितीतरी वेळ टेबलाच्या कडेवर नख घासत राहिला. मग एकदम खुर्ची सारून उठला. शिपाई पुढे आला.

"माझो पोरगो चालूक लागलो, बाईनू," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "बायल फोनवर सांगता, माका ऐकूचा लागता. तुमच्या एका शब्दान."

"हो," विशाखा म्हणाली. मग माफ करा म्हणाली, पण ते इतकं हळू की त्याला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक.

दाराशी जाऊन तो थांबला. "सही केलंय तर ईदीक घरी?"

"बहुतेक. खात्री कुणीच देत नाही."

"आणि त्या परभणीच्या बाईक काय कळतला? मी तिच्या नवऱ्याक टाकून गेलंय म्हणान मीच सही केलंय, असाच ना?"

विशाखानं मान हलवली.

"एक वरीस माझा," कैलास म्हणाला. "माणूस मेलो माझ्या गाडीखाली. ता मी भोगलंय. फुडची दोन माझी न्हय, ती मी माझ्या हातान लिवन देवचंय नाय. करा चौकशी."

ईदची यादी त्याच्याशिवाय लागली. सनाबिसच्या गल्ल्यांत पोरं नवे कपडे घालून फिरत होती, शेजारच्या घरातून हलव्याचं ताट आलं. विशाखानं ते तसंच झाकून ठेवलं. तिनं आपलं लेखी निवेदन दिलं होतं. त्यावर फौजदारी कामांतून सहा महिन्यांसाठी तिचं नाव काढलं गेलं आणि लेखी ताकीद मिळाली. परवाना वाचला. सुयोग म्हणाला, थोडक्यात निभावलं. त्या सहा महिन्यांत तिनं कंपन्यांचे करार आणि जन्मदाखले तेवढे भाषांतरित केले. तिच्या जुन्या फायलींच्या प्रती घरी होत्या. त्या काढून ती एकेक जबाब तपासू लागली. दोन ठिकाणी शंका आली, ती तिनं स्वतःहून कळवली. एक निराधार निघाली. दुसरीतला माणूस शिक्षा भोगून केव्हाच घरी गेला होता.

वॉचमन काही लवकर सापडला नाही. जुनैद त्याचं नाव, बिहारकडचा. समाजसेवा अधिकारी यार्डात पोचले तेव्हा तो लांबच्या सुट्टीवर गावी गेला होता. बकरी ईदची यादीही गेली. तो परतला तो दुसऱ्याच मालकाकडे, आणि ऑगस्टच्या ऐन उन्हाळ्यात अखेर त्याचा जबाब झाला. उघडा माणूस गेट ठोकत ‘अँब्युलन्स, अँब्युलन्स’ ओरडत होता, मी फोन केला, बाटली दिली, ती घेऊन तो आला तसा उलटा धावत सुटला, एवढंच त्यानं सांगितलं. इतके दिवस का बोलला नाहीस असं विचारल्यावर तो म्हणाला, "किसी ने पूछा ही नहीं."

नोव्हेंबरात सुनावणी लागली. विशाखाला साक्षीदार म्हणून बोलावणं होतं. दुभाषी म्हणून सदानंद शेट्ये बसले होते, तिच्याहून वयानं बरेच मोठे, रत्नागिरीचे, कैलासची बोली मुळापासून कळणारे. तिला मनातून बरं वाटलं.

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी आधीच स्पष्ट केलं, "न्यायालयाचा निकाल बदलणं या समितीच्या हातात नाही. उरलेल्या शिक्षेसाठी हा माणूस सवलतीला पात्र आहे का, एवढंच आम्ही बघतो." मग ते विशाखाकडे वळले. "त्या सकाळी त्याला धावत गेलो असंच म्हणायचं होतं, याची तुम्हाला खात्री आहे?"

उत्तर तिनं घरून पाठ करून आणलं होतं. ते ऐन वेळी तिच्या तोंडून निघालंच नाही.

"त्या सकाळी खात्री नव्हती, महाशय. शब्दाला दोन अर्थ होते. मी विचारायला हवं होतं की कुठे भागलास, कशासाठी भागलास. मी विचारलं नाही. मला झोप आली होती."

सुहा कागदांवरून मान वर न करता काहीतरी लिहीत होती.

मग अध्यक्षांनी कैलासला विचारलं, "सही केली असतीस तर मार्चमध्येच तुझं नाव यादीत जाऊ शकलं असतं. आठ महिने जास्त काढलेस. कशासाठी?"

सदानंदांनी प्रश्न सांगितला. कैलासनं विचार करून उत्तर दिलं. "साहेब, तो माणूस माझ्याशी बोललो. मी येतंय म्हणान तेका सांगलंय, आणि पोचूक शकलंय नाय. त्येचा दुख्ख माका आसाच. पण येवचाच नाय म्हणान गेलंय, असा तेच्या घरच्यांनी समजू नये."

सदानंदांनी ते अरबीत आणलं. अध्यक्षांनी वाक्य पुन्हा सांगायला लावलं, आणि सदानंदांनी तेच, त्याच शब्दांत, पुन्हा सांगितलं.

डिसेंबरात राष्ट्रीय दिनाची यादी लागली. एकोणिसाव्या क्रमांकावर कैलासचं नाव होतं. निकालपत्रातला ‘हरब’ तसाच राहिला, तो पुसायचा तर वरच्या न्यायालयात जावं लागलं असतं आणि कैलासला आता फक्त घर हवं होतं. समितीच्या शिफारशीत मात्र जुनैदचा जबाब आणि बाटलीची नोंद दोन्ही आली होती. त्याची एक प्रत, मराठी भाषांतरासह, सुहानं परभणीला पाठवली. मयताच्या घरच्यांना कळवायचंच असतं, ती म्हणाली.

सुटलेल्या परदेशी कैद्याला तुरुंगातून थेट विमानतळावर नेतात. विशाखाची आणि त्याची भेट झाली नाही. संध्याकाळी सुहाचा फोन आला. "खलास, उम्म आर्या. विमान सुटलं."

"उस्ताझा," विशाखानं नेहमीच्या अदबीनं हाक मारली, "मी परभणीला फोन करू का?"

"फाइल बंद झाली," सुहा म्हणाली. "आता तू त्यातली दुभाषी नाहीस. एका बाईला फोन करायचा तर मला कशाला विचारतेस?"

शरीफुन्निसानं फोन उचलला तेव्हा मागे शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं. विशाखानं आपण कोण, काय चूक केली, सगळं सांगितलं.

"कागद आला मला," शरीफुन्निसा म्हणाली. "तीन बार वाचला. त्यात बाटलीचं लिहिलंय. पण माझा माणूस काय बोलला ते नाही लिहिलं."

"मराठी का भाऊ तुम्ही, असं विचारलं त्यांनी. परभणीचा आहे म्हणाले. आणि पाणी मागितलं."

"डोक्याखाली शर्ट दिला?"

"दिला."

"मराठी का भाऊ," शरीफुन्निसा स्वतःशीच म्हणाली. मग तिचा बांध फुटला. विशाखानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. रडणं ओसरल्यावर शरीफुन्निसा म्हणाली, "बाई, तुमच्या चुकीनं मी दोन वर्षं एका माणसाला शाप दिले. दर नमाजला दिले. ते आता कुठं फेडू?"

"मला द्या," विशाखा म्हणाली.

"शाप असे देता येत नाहीत, बाई, दुसऱ्याच्या सांगण्यावरून," शरीफुन्निसा म्हणाली. "त्याचा नंबर असेल तर द्या."

विशाखानं कैलासला विचारून नंबर दिला. त्यानंतर कुणाचाच फोन आला नाही. तिनंही केला नाही.

सहा महिने संपल्यावर तिचं नाव पुन्हा फौजदारी कामांच्या यादीत आलं होतं. आता ती पहिल्याच वाक्यात विचारायची, "तुमची घरची भाषा कोणती?" पोलिसांना या प्रश्नाचा कंटाळा यायचा. फेब्रुवारीत एकदा असाच जबाब संपवून ती अस्करहून परतत होती, तेव्हा कुडाळच्या नंबरवरून फोन आला. तिनं गाडी कडेला घेतली.

"बाईनू, कैलास बोलतंय. परभणीक जावन इलंय. बायल आणि झिल, दोघांकय घेवन गेलंय."

"काय म्हणाल्या त्या?"

"जास्त काय नाय. दारात हुबी होती. झिलाक बगल्यान, तेचा नाव इचारल्यान. मग नवऱ्याचो फोटो दाखवल्यान, लग्नातलो. मी बगलंय." तो थांबला. पलीकडे कुठेतरी कोंबडी ओरडत होती. "उठाक लागलो तर म्हणाली, तशे जाव नका, जेवन जावा. तिच्या हातचा वाडलेला घशाखाली उतरतला काय नाय, माझा माकाच कळी नाय होता."

"मग?"

"जेवलांव आमी. तीवय बसली आमच्यावांगडा."